कॉम्प्युटरचे शिक्कामोर्तब

बालमित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी शेती असेल. मग आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतला सातबारा तुम्ही नक्की पाहिला असेल. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन्ही एकाच कागदावर, म्हणून त्याचे नाव सातबारा. जमीन कोणाच्या नावावर, किती, त्यात पीक कोणते, हे सगळे त्यात असते. जुन्या सातबाऱ्यावर तलाठी भाऊसाहेबांची वळणदार सही असायची आणि शेजारी निळ्या शाईचा गोल शिक्का. शिक्का जरा पुसट उमटला तरी आजोबा म्हणायचे, "भाऊसाहेब, जरा दाबून मारा की!"

आता कॉम्प्युटरवरून काढलेला नवा सातबारा पाहा. त्यावर पेनाची सही नाही आणि शाईचा शिक्काही नाही. उलट 'हा अभिलेख डिजिटल स्वाक्षरीत असल्यामुळे सही-शिक्क्याची आवश्यकता नाही' अशा अर्थाचा मजकूर! २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून असे सातबारे आपल्या राज्यात मिळू लागले.

आता तुम्ही म्हणाल, सही नाही, शिक्का नाही, मग यावर विश्वास कसा ठेवायचा? उद्या कोणीही कॉम्प्युटरवर बसून आमच्या शेताचा सातबारा आपल्या नावाने छापेल की! शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर शोधायला आधी थोडे मागे जाऊ. किती मागे? तीनशे वर्षे!

मसूरचा मुक्काम

आपल्या रहिमतपूरहून रेल्वेने कराडकडे निघालात की तारगावनंतर मसूर स्टेशन लागते. १७२० साली पेशवे बाळाजी विश्वनाथ वारले आणि त्याच वर्षी एप्रिल महिन्यात छत्रपती शाहू महाराजांनी या मसूर मुक्कामी बाजीरावाला पेशवेपदाची वस्त्रे दिली. बाजीराव तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता.

आता विचार करा. दूर कुठल्या तरी गावच्या पाटलाकडे बाजीरावाचे पत्र येते. पाटलाने बाजीरावाला कधी पाहिलेले नाही. मग पत्र खरे की खोटे, हे त्याला कसे कळणार? तो पत्रावरचा शिक्का पाहणार. पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी शाहू महाराजांचे नाव असे आणि मग पेशव्यांचे. म्हणजे तो शिक्का जणू सांगत असे, 'मला तुम्ही ओळखत नसाल, पण छत्रपतींना तर ओळखता ना? त्यांनीच मला नेमले आहे.'

आणखी एक गंमत. पत्राच्या वरच्या भागात मुद्रा असे आणि मजकूर संपला की तळाशी एक लहान शिक्का मारत. त्याला मोर्तब म्हणत. मोर्तबाच्या खाली कोणी चोरून एखादी ओळ घातली तरी ती लगेच उघडी पडे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण आजही वापरतो, तो इथूनच आला.

म्हणजे चांगल्या शिक्क्याने तीन गोष्टी सांगायला हव्यात. पत्र कोणाचे आहे? वाटेत मजकूर बदलला तर नाही ना? आणि या माणसाची ओळख कोण देतो? कॉम्प्युटरचा शिक्काही नेमके हेच सांगतो. फक्त तो लाकडाचा किंवा धातूचा नसतो, आकड्यांचा असतो.

दोन किल्ल्या

आपल्या घरच्या कुलपाला एकच किल्ली. तिने कुलूप लागतेही आणि उघडतेही. पण १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तीन शास्त्रज्ञांनी आकड्यांची एक युक्ती शोधली. तिच्यात दोन किल्ल्यांची जोडी असते. एक गुप्त किल्ली, ती फक्त मालकाकडे. दुसरी उघडी किल्ली, ती साऱ्या जगाला वाटायची. गुप्त किल्लीने केलेली सही उघड्या किल्लीने तपासता येते, पण उघड्या किल्लीने सही करता येत नाही.

खोटे वाटते? मग वही-पेन्सिल घ्या. सहावी-सातवीच्या मुलांना हे सहज जमेल. धाकट्यांनी ताई-दादांना हाताशी घ्यावे.

तेहतीसचा खेळ

३ आणि ११ या दोन मूळ संख्या घेऊ. त्यांचा गुणाकार ३३. आपली गुप्त किल्ली ७ आणि उघडी किल्ली ३. आता समजा मला ४ हा आकडा सही करून तुम्हाला पाठवायचा आहे. मी काय करीन? ४ ला ४ ने गुणत गुणत सात चौके मांडीन. ४×४×४×४×४×४×४ म्हणजे १६३८४. याला ३३ ने भागले तर बाकी उरते १६. झाली माझी सही! मी चिठ्ठीवर लिहीन: 'आकडा ४, सही १६.'

चिठ्ठी तुमच्या हातात आली. तुमच्याकडे फक्त उघडी किल्ली आहे, ३. म्हणून तुम्ही सही तीनदा मांडून गुणा. १६×१६×१६ म्हणजे ४०९६. ३३ ने भागा. बाकी किती उरली? ४! चिठ्ठीवरचाच आकडा परत आला. म्हणजे सही खरी.

आता वाटेत कोणी चावटपणा करून ४ चा ५ केला तर? सहीतून तर ४ च निघतो. चोरी पकडली! वर्गात हा खेळ खेळताना फळ्यावरचे आकडे जुळले की मुले बाकावर उभी राहतात.

पण एक हुशार मुलगा विचारेल, "गुरुजी, ७ ही गुप्त किल्ली तुम्ही शोधली कशी? आम्हालाही शोधता येईल का?" येईल की! ३ आणि ११ मधून एकेक वजा करा, २ आणि १० येतात. त्यांचा गुणाकार २०. आता ३ ला कितीने गुणले म्हणजे २० ने भागून बाकी १ उरेल? ७ ने. ३×७=२१. म्हणजे ज्याला ३३ चे तुकडे पाडता आले, त्याला गुप्त किल्ली सापडली.

म्हणून खऱ्या कामाला ३३ सारखी पिटुकली संख्या चालत नाही. तिथे नेहमी वापरली जाणारी संख्या तब्बल ६१७ आकडी असते! तिच्या दोन मूळ संख्या तीनशे-तीनशे आकड्यांच्या आसपास. त्यांचा गुणाकार करायला कॉम्प्युटरला क्षणही लागत नाही, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधून काढणे आजच्या मोठमोठ्या कॉम्प्युटरनाही जमलेले नाही. किल्लीची सगळी ताकद या एका अवघड भागाकारात आहे.

आणि सातबारा म्हणजे काही एक आकडा नव्हे. मग त्यावर सही कशी होते? कॉम्प्युटर आधी पूर्ण मजकुराचा 'अंगठा' घेतो. एका ठरलेल्या रीतीने अख्ख्या मजकुरातून ६४ चिन्हांचा ठसा निघतो. मजकुरात १२ गुंठ्यांचे २१ गुंठे केले, तर ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. सही होते ती या ठशावर. आहे की नाही हे आपले मोर्तब!

दाखला निघतो कसा?

आता तिसरा प्रश्न राहिला. ही उघडी किल्ली तलाठी भाऊसाहेबांचीच आहे, हे कोण सांगणार? त्यासाठी लागतो दाखला, म्हणजेच डिजिटल सर्टिफिकेट. त्यात किल्लीच्या मालकाचे नाव, त्याची उघडी किल्ली, दाखल्याची मुदत आणि दाखला देणाऱ्याचे नाव असते. खाली दाखला देणाऱ्याची डिजिटल सही.

तुमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखेच हे. परराज्यातली शाळा आपल्या मुख्याध्यापकांना ओळखत नाही. म्हणून अशा दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेतात. धाकट्याची ओळख थोरल्याने द्यायची, थोरल्याची त्याच्याहून थोरल्याने. अशी ही साखळी.

दाखले आणि किल्ल्या सांभाळायला कॉम्प्युटरवर खास साधने असतात. त्यातले एक पाहू. जावा नावाच्या भाषेबरोबर 'कीटूल' नावाचे साधन मिळते. ते किल्ल्यांची एक पेटी तयार करते. पेटीला पासवर्डचे कुलूप. काम असे चालते:

पहिली पायरी, किल्ल्यांची जोडी तयार करणे. कीटूल तुम्हाला प्रश्न विचारते. नाव काय? विभाग कोणता? संस्था कोणती? गाव? राज्य? देश? तुम्ही उत्तरे लिहिली की जोडी तयार. सोबत एक दाखलाही तयार होतो, पण तो असतो स्वतःच स्वतःला दिलेला! तुम्ही नावाच्या जागी 'भारताचे राष्ट्रपती' असे लिहिले तरी कीटूल बिचारे काही बोलत नाही. स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर स्वतःच 'हुशार विद्यार्थी' असा शेरा लिहिण्यासारखे झाले हे. घरच्या सरावाला ठीक, पण जगात चालायचे नाही.

म्हणून दुसरी पायरी, अर्ज. कीटूल तुमचे नाव आणि उघडी किल्ली घेऊन एक अर्ज तयार करते. नीट लक्ष द्या, अर्जात गुप्त किल्ली नसते. ती पेटीतच राहते. दाखला देणाऱ्यालासुद्धा ती दाखवायची नाही!

तिसरी पायरी, तपासणी. हा अर्ज जातो दाखला देणाऱ्या संस्थेकडे. तिला प्रमाणन प्राधिकारी म्हणतात. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्या कायद्याने या सगळ्या संस्थांवर एक नियंत्रक नेमला. नियंत्रकाचा परवाना असेल तरच भारतात अशी संस्था कायद्याने चालणाऱ्या सहीचा दाखला देऊ शकते. पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक ही अशीच एक परवानाधारक संस्था. संस्था अर्जदाराची ओळख पटवते, कागद पाहते आणि मगच दाखल्यावर आपली सही करते. नियंत्रक म्हणजे या राज्यातले छत्रपती आणि संस्था म्हणजे पेशवे, असे समजा हवे तर.

चौथी पायरी, तो दाखला परत पेटीत आणणे. याला म्हणतात 'इम्पोर्ट' करणे. इथे क्रम चुकवून चालत नाही. आधी सगळ्यात थोरल्याचा, म्हणजे मूळ दाखला. मग संस्थेचा. शेवटी आपला. थोरल्याला न ओळखता धाकट्याचा दाखला आत घ्यायला गेलात, तर कीटूल तक्रार करते की साखळी जुळत नाही!

तलाठी भाऊसाहेबांसारख्या अधिकाऱ्यांची पेटी कॉम्प्युटरमध्येही नसते. ती असते पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका टोकनमध्ये. किल्ल्यांची जोडी टोकनच्या पोटातच जन्माला येते आणि गुप्त किल्ली टोकनच्या बाहेर कधीच पडत नाही. सही करताना टोकन कॉम्प्युटरला लावायचे, पिन टाकायचा, की सही आतल्या आत होते. पिन पुन्हा पुन्हा चुकला तर टोकन कुलूपबंद!

"विश्वास ठेवू का?"

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साखळीतल्या धाकट्याची ओळख थोरला देतो. पण सगळ्यात थोरल्याची ओळख कोण देणार? त्याच्या वर कोणीच नाही. त्याचा दाखला त्यानेच स्वतःला दिलेला असतो!

म्हणून मूळ दाखला आत घेताना कीटूल थांबते. दाखला कोणाचा, कोणी दिला, मुदत किती आणि त्याचा ठसा काय, हे सगळे पडद्यावर दाखवते आणि विचारते, 'या दाखल्यावर विश्वास ठेवू का?' पुढे कंसात त्याने आपले उत्तर आधीच लिहून ठेवलेले असते. कोणते असेल? 'नाही'! तुम्ही नुसते एंटरचे बटण दाबले तर 'नाही' असेच धरले जाते. 'हो' म्हणायचे असेल, तर ते तुम्हाला स्वतःच्या हाताने लिहावे लागते.

हे साधन तयार करणाऱ्यांचे मला फार कौतुक वाटते. जगातले सगळे गणित कॉम्प्युटर करील, पण हा निर्णय त्याने माणसावर सोडला. मग माणसाने काय करायचे? पडद्यावरचा ठसा आणि संस्थेने दुसऱ्या मार्गाने, म्हणजे तिच्या कार्यालयातून किंवा पत्रातून दिलेला ठसा ताडून पाहायचा. जुळला तरच 'हो'.

आणि जाता जाता एक गंमत. जावामध्ये मूळ दाखल्यांची जी तयार पेटी येते, तिचा पासवर्ड असतो 'चेंज इट', म्हणजे 'मला बदला'! तरीही कित्येक ठिकाणी तो तसाच राहतो, बरं का.

साखळी तुटते तेव्हा

थोरल्यावर ठेवलेला विश्वासच फसला तर काय होते? नेदरलँड्समध्ये डिजिनोटार नावाची दाखले देणारी कंपनी होती. २०११ साली चोरांनी तिच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून पाचशेहून अधिक खोटे दाखले काढले. त्यात एक होता गूगलच्या नावाचा. इराणमध्ये लोक आपली ई-मेल उघडत, त्यांना वाटे आपण गूगलशीच बोलतोय, आणि मध्ये तिसराच कोणीतरी सगळे वाचत असे! ऑगस्ट महिन्यात तिथल्या एका माणसाला क्रोम ब्राउझरने इशारा दिला. कारण गूगलला दाखले कोण देते, हे क्रोमला आधीच पाठ करून ठेवलेले होते. प्रकरण बाहेर आले, सगळ्या ब्राउझरनी डिजिनोटारचा मूळ दाखला काढून टाकला आणि सप्टेंबरमध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. विश्वास विकणाऱ्या दुकानात विश्वासच संपला, मग विकणार काय?

आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये असा प्रसंग आला होता. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाचे खोटे दाखले निघाल्याचे गूगलच्या लक्षात आले. नियंत्रकांनी ते दाखले तातडीने रद्द करायला लावले. दाखला दिला म्हणजे कायमचा झाला असे नाही. रद्द दाखल्यांची यादी असते आणि सही तपासताना ती पाहावी लागते.

दोन्ही वेळा ६१७ आकड्यांचे गणित कोणी सोडवले नव्हते, बरं का! गणित शाबूत होते. दाखले देणाऱ्या घराचे दार नीट राखले गेले नव्हते.

किल्ली कोणाच्या खिशात?

म्हणून बालमित्रांनो, खरी राखण माणसालाच करावी लागते. कितीतरी ठिकाणी कामाची गर्दी असली की टोकन कॉम्प्युटरला लावलेलेच राहते. पिन कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवलेला असतो. "तूच कर रे सही, मी जरा चहा घेऊन येतो," असेही होते. त्या क्षणी सगळी सुरक्षा संपली! कारण डिजिटल सहीत अक्षराचे वळण नसते. दुसऱ्याने केलेली सही आणि मालकाने केलेली सही यांत फरक करताच येत नाही. कायद्याच्या ४२ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, गुप्त किल्ली सांभाळण्याची जबाबदारी तिच्या मालकाची. आणि इथे पणाला काय लागलेले असते? कोणाची तरी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन!

तुम्हाला आज टोकन मिळणार नाही. पण मोबाइलचा पिन, शाळेच्या कामाचा पासवर्ड हे तर आहेत ना? जिवलग मित्रालाही ते सांगायचे नाहीत. मैत्रीत डबा वाटून घ्यावा, किल्ली नाही.

आई-बाबांसाठी चार शब्द

डिजिटल सही फाइलमध्ये असते, कागदावर नसते. सातबाऱ्याची छापील प्रत हातात आली, तर तळाशी दिलेला पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकून ती तपासून घ्यावी. जमिनीच्या व्यवहारात तर हे कधीही टाळू नये. झेरॉक्सवर विसंबू नये.

ई-आधारसारखी फाइल कॉम्प्युटरवर उघडली की सहीच्या जागी कधीकधी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. याचा अर्थ फाइल खोटी आहे असा नाही. तुमच्या कॉम्प्युटरच्या पेटीत भारताच्या नियंत्रकांचा मूळ दाखला नाही, एवढेच. सहीवर क्लिक करून दाखला कोणी दिला ते वाचावे, साखळी थेट नियंत्रकापर्यंत जाते का ते पाहावे आणि मगच विश्वासाच्या यादीत घ्यावा. प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते. मुलांना शेजारी बसवून हे एकदा करून पाहा.

मात्र अनोळखी माणसाने पाठवलेला दाखला 'इन्स्टॉल करा' असा निरोप आला, तर तो मुळीच घेऊ नये. मोबाइलमध्ये परका मूळ दाखला शिरला, तर तुमचे गुप्त व्यवहार वाचायची वाट त्या परक्याला मोकळी होते. पुढे दहावीच्या गुणपत्रकासारखे कागदही मुलांना डिजीलॉकरमध्येच पाहायचे आहेत. तेव्हा ही सवय आतापासून लागलेली बरी.

ओळखा पाहू!

संख्या ३३ आणि उघडी किल्ली ३. तुमच्याकडे तीन चिठ्ठ्या आल्या आहेत. यांतली एक बनावट आहे. कोणती?

पहिली चिठ्ठी: आकडा २, सही २९.
दुसरी चिठ्ठी: आकडा ४, सही १६.
तिसरी चिठ्ठी: आकडा ५, सही १५.

सही तीनदा मांडून गुणा, ३३ ने भागा आणि बाकी पाहा. उत्तर खाली आहे, पण आधी वहीत करा हं!

(उत्तर: तिसरी चिठ्ठी बनावट. १५×१५×१५ म्हणजे ३३७५. ३३ ने भागल्यावर बाकी ९ उरते, ५ नाही. ५ ची खरी सही १४.)